स्टॅगहॉर्नची नोंदवही: शिल्ड बघून पाणी

या वर्षी एकच गोष्ट धरून चाललो. पाण्याचे वार ठरवायचे नाहीत, प्रत्येक झाडाचं शिल्ड, म्हणजे फळीला चिकटून पसरणारं पान, बघून पाणी ठरवायचं. जागा पुण्यातली पूर्वेकडची गॅलरी, वर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट, भिंतीवर सागाच्या फळ्या. त्यांवर प्लॅटिसेरियमच्या, म्हणजे स्टॅगहॉर्न फर्नच्या, सहा जाती: बायफर्केटम, विलिंकी, सुपरबम, अल्सिकॉर्न, एलेफंटोटिस आणि वॉलिची. मार्च ते जानेवारीची ही नोंद.

नव्यानं या नादाला लागलेल्यांसाठी आधी थोडं. प्लॅटिसेरियम ही पॉलिपोडिएसी कुळातल्या सदाहरित नेच्यांची प्रजाती, जाती साधारण १८. १८२७ साली या प्रजातीला शास्त्रीय नाव मिळालं. बहुतेक जाती झाडांच्या खोडांवर राहतात, काही खडकांवरही. आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि मादागास्कर हे त्यांचे मुलूख. अँडीनम ही एकच जात दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियात सापडते. प्रत्येक झाडाला दोन तऱ्हेची पानं येतात. एक पुढे येणारं किंवा खाली लोंबणारं, बहुतेक जातींत शिंगांसारखे फाटे फुटलेलं. स्पोर (बीजाणू, ज्यांपासून नवं झाड येतं) याच पानाच्या पाठीवर धरतात, आणि इतर नेच्यांसारखे सुटे ठिपके न दिसता सलग तपकिरी पट्टा दिसतो. हा पट्टा म्हणजे बुरशी नव्हे, त्यावर औषध मारू नका. दुसरं पान म्हणजे शिल्ड. ते फळीला चिकटून पसरतं, हिरवं येतं, काही महिन्यांत तपकिरी पडतं आणि गळून न जाता तिथेच राहतं. पुढच्या मोसमात त्यावर नवं शिल्ड चढतं. आतले थर कुजत जातात आणि मुळं त्याच कुजलेल्या थरांतून फिरतात. म्हणजे ते वाळकं पान झाडाची कुंडी, पाण्याची टाकी आणि खताचा खड्डा अशी तिन्ही कामं करतं. घर आवरताना कुणी ते सोलून काढायला निघालं, तर हात धरून थांबवा.

प्रत्येक जातीचं शिल्ड वेगळं असतं, आणि ते तिच्या मुलखातल्या पावसाला साजेसं असतं. सुपरबम, एलेफंटोटिस, वॉलिची यांच्या शिल्डची वरची कड खोडापासून सुटून उभी राहते. वरून पडणारा पालापाचोळा आणि पावसाचं पाणी त्या फटीतून थेट मुळांकडे जातं. अल्सिकॉर्नचं शिल्ड गोल, वरूनही बंद, फळीला घट्ट मिठी मारलेलं. बायफर्केटम आणि विलिंकी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, त्यातही विलिंकीच्या शिल्डची वरची कड खोल फाटलेली असते. जुन्या झाडाच्या शिल्डची वरची कड आधी बघा, मग झारी उचला.

मार्च ते मे

पुण्याचा उन्हाळा या झाडांची खरी परीक्षा घेतो. पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत. फळीवर मुळांभोवती बांधलेलं मॉस (वाळवलेलं शेवाळ) बोटानं चाचपून ओल कळते ती फक्त वरची. त्यामुळे या वर्षी मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा वापरायला सुरुवात केली. फळी घमेल्यात बुडवून निथळली की वजन घ्यायचं, आणि पानं किंचित मऊ पडू लागली की पुन्हा घ्यायचं. जुन्या बायफर्केटमची फळी भिजल्यावर ३.४ किलो भरते, पाणी मागते तेव्हा २.३ किलो. वजन या दोन्हींच्या मध्ये असेल तर मी पाणी देत नाही. शिल्डचे जाड थर असलेली जुनी फळी आणि नुकतंच झाड बांधलेली (माउंट केलेली) फळी शेजारी टांगली, तर नवी कितीतरी लवकर वाळते. एकाच जातीच्या दोन झाडांना एकच वेळापत्रक लावलं तर एक तहानेनं जातं नाहीतर दुसरं कुजतं, ते यामुळेच.

अल्सिकॉर्नला वरून झारीनं घातलेलं पाणी शिल्डवरून ओघळून खाली जातं, आत फारसं पोचतच नाही. त्याची फळी पाठीमागून मॉसपर्यंत बुडवायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची आणि निथळून टांगायची. सुपरबमचं उलट. त्याच्या उघड्या शिल्डमध्ये थोडं-थोडं पाणी आणि मूठभर वाळका पाला टाकत राहायचं, बाकी काम ते स्वतः करतं. पाला मी आंब्याचा आणि बदामाचा चुरून टाकतो. केळीच्या सालींचा उपाय अनेकजण करतात. माझा अनुभव असा की आपल्याकडच्या दमट दिवसांत त्या सालींवर चिलटं आणि मुंग्या फार येतात. त्यापेक्षा १९:१९:१९ विद्राव्य खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आणि तेही झाड वाढीला लागलेलं असेल तेव्हाच. मे महिन्यात मी खत देत नाही.

पानांवरची पांढरट लव ही धूळ नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे केस चांदणीच्या आकाराचे दिसतात. पानातून उडून जाणारं पाणी ते रोखतात आणि कडक ऊनही थोपवतात. क्वीन्सलंडच्या कोरड्या भागात खडकांवर वाढणाऱ्या व्हीची जातीत ही लव इतकी दाट असते की अख्खं झाड रुपेरी दिसतं, आणि ती जात ऊनही बाकीच्यांपेक्षा जास्त सोसते. म्हणून पानं फडक्यानं पुसू नका, तेल तर अजिबात लावू नका. एप्रिलमध्ये विलिंकीच्या पानांच्या पाठीवर खवले कीड दिसली. लाकडी काडीनं एकेक खवला उचलला, नीमतेलाची बाटली कपाटातच ठेवली. दोन आठवडे रोज संध्याकाळी पाहणी केली, कीड आटोक्यात आली.

जून ते ऑगस्ट

पहिल्या पावसानंतर सगळीकडे नवी शिल्डं सुरू झाली. बायफर्केटमचं हिरवं शिल्ड आठवडाभरात तळहाताएवढं होतं. या काळात त्याला हात लावू नका. वाढतं शिल्ड बोटाच्या दाबानं सहज काळं पडतं आणि तो डाग शेवटपर्यंत राहतो.

नवी पिल्लं, म्हणजे मोठ्या झाडाच्या बाजूला फुटणारी छोटी रोपं, माउंट करायला हाच मोसम सर्वात चांगला. पद्धत साधी आहे: फळीवर ओल्या स्फॅग्नम मॉसचा चपटा गोळा, त्यावर पिल्लू, वाढीचा कोंब वरच्या दिशेला आणि पूर्ण उघडा, मग तंगूसनं शिल्डवरून आडवे वेढे. कोंबावरून तंगूस न्यायची नाही. कोंब मॉसमध्ये पुरला तर पावसाळ्यात तो आतून काळा पडतो. नव्या शिल्डनं तंगूस झाकली की माउंट धरला असं समजावं.

पण यंदा मी जुन्या बायफर्केटमची पिल्लं काढलीच नाहीत. त्यामागे एक अभ्यास आहे. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर न्यूझीलंडचे जीवशास्त्रज्ञ केव्हिन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायफर्केटमच्या मोठ्या घोळक्यांचं निरीक्षण केलं आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केलं. घोळक्यातली सगळी झाडं सारखी नसतात. वरच्या झाडांची पानं मेणचट असतात आणि पाणी घोळक्याच्या मध्याकडे वळवतात. खालच्या झाडांची शिल्डं जास्त पाणी शोषून धरतात, आणि त्यांतली बरीचशी स्पोर धरतच नाहीत. मुळांचं जाळं सगळ्यांचं सामाईक असतं. मधमाश्यांच्या पोळ्यात असते तशी कामाची वाटणी वनस्पतींतही असू शकते का, असा प्रश्न त्यांनी त्यावरून मांडला. हे वाचल्यापासून माझा घोळक्याकडे बघायचा दृष्टिकोन बदलला. उन्हाळ्याच्या वजनाच्या नोंदी काढून पाहिल्या तर घोळका असलेली फळी शेवटपर्यंत सावकाश वाळलेली दिसते. फळीच मोठी आहे, मॉसही जास्त आहे, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही. तरी पुण्यासारख्या कोरड्या हवेत पिल्लं आईला चिकटलेली ठेवावीत, वाटायचीच असतील तर अगदी खालच्या कडेची एखाद-दुसरीच घ्यावीत, असं माझं मत झालं आहे.

सुपरबमला हा प्रश्नच नाही. ते पिल्लं देत नाही, आयुष्यभर एकटंच वाढतं, आणि नवं झाड हवं तर स्पोर पेरण्याशिवाय मार्ग नाही. १९७० पर्यंत ऑस्ट्रेलियातलं सुपरबम फिलिपिन्सच्या ग्रँडी या जातीतच गणलं जात होतं. तो घोळ रोपवाटिकांमध्ये अजून संपलेला नाही, ग्रँडीच्या पाटीखाली बहुतेक वेळा सुपरबमच मिळतं. मोठ्या झाडात ओळख सोपी आहे: सुपरबमच्या लोंबत्या पानावर स्पोरचा एकच पट्टा असतो, ग्रँडीच्या पानावर दोन. लहान रोपात मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून ग्रँडीच्या नावानं चढे पैसे मोजण्याआधी मोठ्या झाडाचा फोटो मागा.

कोल्हापूरच्या एका स्नेह्यांनी त्यांच्या सुपरबमचे स्पोर कागदी पाकिटात दिले होते, ते जूनअखेर पेरले. चाळलेलं कोकोपीट पारदर्शक डब्यात भरलं, वरून उकळतं पाणी ओतलं, गार झाल्यावर स्पोर अगदी विरळ भुरभुरले आणि झाकण लावलं. ऑगस्टमध्ये वर हिरवी साय धरली. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपका म्हणजे हृदयाच्या आकाराचा चपटा तुकडा. नर आणि मादी पेशी याच तुकड्यावर तयार होतात, आणि नर पेशी मादीपर्यंत पोहत जाते, त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा तेव्हापासून सुरू केला.

सप्टेंबर ते नोव्हेंबर

गणपतीनंतर कोकणात गेलो होतो. आंब्या-फणसाच्या खोडांवर आपलं बाशिंग जोरात होतं. बाशिंग म्हणजे ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया, स्टॅगहॉर्नच्याच कुळातलं. त्यालाही दोन तऱ्हेची पानं असतात, खोडाशी बिलगलेलं लहान वाळकं पान पाचोळा साठवतं आणि मोठी हिरवी पानं वाढतात. सह्याद्रीत स्टॅगहॉर्नची एकही जात नैसर्गिकरीत्या वाढत नाही, पण शिल्डचं काम कसं चालतं हे शिकायला बाशिंगासारखा गुरू नाही. एखाद्या आडव्या फांदीवरच्या बाशिंगाच्या पानामागे बोट घालून बघा: पाऊस थांबून काही दिवस झाले असले तरी तिथे ओल सापडते. बघा आणि तसंच सोडा, खोडावरून ओरबाडून आणू नका.

ऑक्टोबरच्या उन्हात विलिंकीची पानं झपाट्यानं लांबली. या जातीचं घर जावा आणि तिच्या पूर्वेकडची बेटं. लटकलेली पानं आता जवळपास दोन फूट आहेत आणि टोकांना स्पोर धरू लागलेत.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना एक सुचवणं. रिडलेयी ही मलेशिया, सुमात्रा, बोर्निओतली जात पुण्यात मी धरणार नाही, तिला दमट गरम हवा बारा महिने लागते. तुमच्याकडे ती हवा आहे. तिचं शिल्ड फांदीला पूर्ण वेढा घालतं आणि जंगलात त्याखाली मुंग्या राहतात. पानं लोंबती नसून शिंगांसारखी वर उभी असतात, आणि स्पोर वेगळ्या, चमच्याच्या आकाराच्या फाट्यावर येतात. स्पोरपासून वाढवलेलं रोप मिळालं तर नक्की करून बघा.

डिसेंबर, जानेवारी

रात्री पारा दहाच्या आसपास आला तेव्हा एलेफंटोटिस घरात घेतलं. आफ्रिकेतल्या या जातीची पानं न फाटलेली, सलग आणि रुंद असतात, आणि थंडीत ओलं राहणं तिला सोसत नाही. खिडकीजवळ टांगलं आहे, वाढ थांबलेली आहे, पण पानं ताठ आहेत. बायफर्केटम आणि सुपरबम बाहेरच आहेत, त्यांना पुण्याची थंडी काहीच करत नाही.

स्पोरच्या डब्यात नोव्हेंबरात पहिली खरी पानं दिसली, आता ती करंगळीच्या नखाएवढी आहेत. सुपरबमला पहिली काही वर्षं फक्त शिल्डंच येतात, लोंबती पानं फार नंतर. घाई करून उपयोग नाही. फेब्रुवारीत छोट्या घोळक्यांनी मॉसवर हलवीन.

या वर्षाचं सर्वात समाधान वॉलिचीनं दिलं. भारतात आपोआप वाढणारी ही एकमेव जात, मणिपूरची, आणि तिथून पुढे म्यानमार, थायलंड, युनानपर्यंत. तिचे स्पोर हिरवे असतात आणि फार टिकत नाहीत, त्यामुळे पिकले की लगेच पेरावे लागतात. हिला सांभाळायला अवघड म्हणतात, कारण तिचा मोसम पक्का ठरलेला आहे: पावसात वाढायचं, कोरड्या दिवसांत झोपायचं. नोव्हेंबरात तिचं शिल्ड पूर्ण तपकिरी झालं आणि लोंबती पानं कडांनी आत वळू लागली. हे तहानेचं लक्षण समजून पाणी वाढवलं तर कोंब कुजतो. मी पाणी कमी करत आणलं. फळीचं भिजलेलं वजन १.९ किलो आहे, आता ती १.२ च्या आसपास ठेवतो आणि सकाळी फक्त मॉसच्या कडेला हलका फवारा देतो. पानं गुंडाळलेली आहेत, मधला कोंब टणक आणि लवदार आहे. कोंब टणक असेपर्यंत काळजी करायची नाही.

मे अखेरपर्यंत तिला असंच ठेवायचं, नवं शिल्ड डोकावलं की पाणी वाढवायचं. विदर्भात किंवा मराठवाड्यात कुणी वॉलिची सांभाळत असेल तर उन्हाळ्यातले फळीचे वजनाचे आकडे कळवा. तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात तिला मे महिन्यात थोडं जास्त पाणी लागतं का, हे मला ताडून बघायचं आहे. विलिंकीचे स्पोर एप्रिलपर्यंत पिकतील, हवे असणाऱ्यांनी आताच सांगून ठेवा.