ट्रेसिंग पेपरवरची रेघ

बडोद्याच्या दांडिया बाजारात घरीच मी दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. त्या संध्याकाळी आलेख काढायचा होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेचे आकडे फळ्यावर लिहिले. हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइड 1960 साली 317, 1980 ला 339, 2000 ला 370, 2020 ला 414. मुलांनी रेघ ओढली.

मग मी ट्रेसिंग पेपर काढला. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीतल्या लोकांनी 1982 मध्ये एका टिपणात पुढच्या दशकांचा अंदाज मांडला होता, तो आलेख मी त्याच मापात उतरवून आणला होता. खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद एकावर एक धरले. 2020 पाशी रेघा जवळजवळ एक झाल्या. कुणी काही बोलेना.

"बाई, म्हणजे त्यांना माहीत होतं?"

होतं. ते टिपण कंपनीबाहेर देऊ नये अशी सूचनाही सोबत होती. बाहेर मात्र पुढे कंपनीच्या जाहिराती आल्या, की विज्ञानाची अजून खात्री नाही.

मला सगळ्यात लागलं ते 1998 चं एक टिपण. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेने जमवलेल्या मंडळींनी आखलेली ती योजना. सामान्य माणसाला हवामानशास्त्रातली अनिश्चितता 'समजली' की आपण जिंकलो, असं त्यात लिहिलंय. आणि ती शंका पोचवायच्या लोकांत शाळांचे शिक्षकही होते. मी स्वतः कितीतरी वर्षं मुलांना सांगत आले, "यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत." कुठे वाचलं होतं, आठवत नाही. पण सांगितलं मी. त्या दिवशी ते मुलांपुढे कबूल केलं.

मागच्या बाकावरच्या मुलाने हळूच विचारलं, "माझे बाबा रिफायनरीत ऑपरेटर आहेत. त्यांची चूक?"

घशात आवंढा आला. म्हटलं, "नाही रे बाळा. रात्रपाळी करणाऱ्याला हा कागद कुणी दाखवला नव्हता. ज्यांच्या टेबलावर तो होता, त्यांनी लपवला."

त्याचे बाबा त्याला न्यायला आले तेव्हा त्याने दोन्ही कागद त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी हेल्मेट काढलं, जिन्यातल्या दिव्याखाली कागद जुळवून धरले.

"कुठल्या साली काढलाय म्हणालात?"

"1982."

"तेव्हा मी दुसरीत होतो," ते म्हणाले, आणि कागद पुन्हा जुळवू लागले.