बिऱ्हाडकरूंना विचारा

"तुमच्या वाड्याची एवढी बारीकसारीक माहिती तुम्हाला मिळाली तरी कुठून?" पुण्याच्या नारायण पेठेतलं आमचं घर बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं गावाकडे असंच एखादं जुनं घर असतं. कुलूप लावलेलं, नाहीतर चुलत्यांच्या वाटणीत अडकलेलं. त्यामुळे आमच्याही घराचं असं काही कळेल का, हे त्यांना खरं तर विचारायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर थोडक्यात असं: मालकांना विचारून झालं की बिऱ्हाडकरूंना विचारा. त्यातही बायकांना आधी.

कागद बघावेतच. मीही ते सगळे काढले. प्रॉपर्टी कार्डावर आमच्या घरातल्या पुरुषांची नावं ओळीने लागलेली आहेत. कोण कधी गेलं, वारस कोण लागला, कर्जाचा बोजा कधी चढला आणि कधी उतरला. त्याआधीचं खरेदीखत मोडीत आहे. ते जाणकारांकडून वाचून घेतलं तेव्हा चतुःसीमा कळली. पूर्वेला कोणाचं घर, दक्षिणेला बोळ, आडाच्या पाण्यावर हक्क कोणाचा. पेशवे दफ्तर सांभाळणारं पुराभिलेखागार याच शहरात आहे, पण आमचं घर काही सरदाराचं नव्हे. दगडी जोतं, खाली वीट आणि चुना, वर सागवानी कडीपाट आणि कौलं, मधे चौक. अशी घरं पेठेत गल्लोगल्ली होती.

या सगळ्या कागदांत, विधवा वारस म्हणून नाव लागलेल्या एका आजेसासूबाई सोडल्या, तर बाईचं नाव नाही. आणि ज्यांची नावं आहेत ते मालक स्वतः वाड्याच्या पुढच्या तीन खोल्यांत राहत होते. बाकी वाडा भाड्याने दिलेला. मागच्या दोन खोल्या, माडीवरच्या चार, जिन्याखालची एक, असं करत एका वेळी सात-आठ बिऱ्हाडं इथे नांदत होती. माझे सासरे याच वाड्यात जन्मले आणि वाढले, पण माडीवरच्या पश्चिमेच्या खोलीत चूल कोणत्या भिंतीला होती हे त्यांना सांगता आलं नाही. मालकाच्या मुलाने भाडेकरूच्या स्वयंपाकघरात कशाला जायचं? सून म्हणून आलेल्या मला तर काहीच माहीत नव्हतं. निम्म्याहून जास्त वाडा ज्यांनी सारवला, झाडला, गळताना पातेली लावून सांभाळला, त्यांच्याकडेच त्याची माहिती असणार हे उघड होतं.

बिऱ्हाडं पांगली होती. कोणी कोथरूडला, कोणी सहकारनगरला, कोणाची मुलं अमेरिकेत. पण आम्हाला एक सोय आहे. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरून मिरवणूक जाते आणि जुनी माणसं पाय मोकळे करायला, पाणी प्यायला अजूनही वाड्यात डोकावतात. वाड्यातून लग्न होऊन गेलेल्या मुलींना हे माहेर वाटतं, जरी इथे त्यांचं आता कोणी राहत नसलं तरी. मला त्या वहिनी म्हणतात.

अशाच एका चतुर्दशीला ऐंशी उलटलेल्या एक आजी लेकीचा हात धरून आल्या. लग्नापर्यंत मागच्या दोन खोल्यांत राहिलेल्या. मी त्यांना आत घेऊन गेले. माजघरातून मागच्या स्वयंपाकघरात जाताना त्यांनी दारात पाय चांगला वीतभर उचलून पलीकडे ठेवला. तिथे काहीच नव्हतं, सपाट फरशी होती. मग स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, उंबरा कुठे गेला?"

त्या गेल्यावर मी टॉर्च घेऊन चौकटीपाशी बसले. दोन्ही खांबांच्या तळाशी खाचा होत्या, लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेल्या, वर तेलरंगाचे थर. उंबरा होता, आणि कोणीतरी तो नीट मापात कापून काढला होता. घरातल्या एकाही माणसाला याची आठवण नव्हती. आजींच्या पायाला होती.

त्याच आजींनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चपलेच्या टोकाने फरशीवर टिचक्या मारून सांगितलं होतं, "इथे उखळ आहे. जमिनीत पुरलेलं. मिरच्या, हळकुंडं, सगळं इथेच कुटायचो. फरशी नंतर आली, आमच्या वेळी सारवण होतं." पुढे मोरीचा पाइप फुटला म्हणून तिथली शहाबादी उचलावी लागली. खाली काळ्या दगडाचं उखळ होतं, तोंडापर्यंत विटांच्या तुकड्यांनी भरलेलं. आम्ही ते साफ केलं आणि त्यावर परत फरशी घातली नाही. आतला दगड इतका गुळगुळीत झाला आहे की बोट फिरवलं की कळतं, तिथे किती बायकांचे हात चालले असतील. आजींना फोन केला तर म्हणाल्या, "मग? मी काय सांगत होते!"

तुम्ही विचारायला जाल तेव्हा सालापासून सुरुवात करू नका. साल विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो. "तुम्ही झोपायचात कुठे?" असं विचारा. "पाणी कुठून भरायचात? पहिला नंबर कोणाचा असायचा? बाळंतिणीची खोली कोणती?" मी वाड्याचा एक साधा नकाशा काढला होता, नुसत्या भिंती आणि दारं. तो पुढे ठेवला की आजी-काकवा पेन्सिल हातातून घेतात आणि माठ, शेगडी, पाळणा, सगळं मांडायला लागतात. अशा वेळी पुरुष बहुतेक वरच्या मजल्यावरच्या वादांबद्दल बोलतात, तेही लिहून घ्यावं.

काळ आपोआप येतो. लोकांचं स्वतःचं पंचांग असतं. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीचं वर्ष, पानशेत, कोयनेचा भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. पुण्याच्या पेठांमध्ये तर पानशेतच्या आधी आणि पानशेतच्या नंतर, असे दोनच भाग.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वाड्यात काय झालं ते मला चार वेगवेगळ्या घरांतून तुकड्यातुकड्याने मिळालं. पाणी आधी दिंडी दरवाजातून आलंच नाही. तेव्हा नऊ वर्षांची असलेली एक मुलगी, आता तिला नातवंडं आहेत, चौकातल्या मोरीपाशी उभी होती. मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं आणि त्याबरोबर झुरळं. तिने आईला हाक मारली. आई म्हणाली, बोळा काढ. बोळा नव्हताच. मग बाहेर ओरडा झाला आणि सगळी निघाली, पर्वतीच्या दिशेने. एकीने देव्हाऱ्यातले देव पदरात घेतले. दुसरीने रेशनकार्डं. माडीवरच्या एका काकूंनी कढईतलं तेल सांडू नये म्हणून कढईच हातात घेतली आणि कोपऱ्यापर्यंत ती घेऊन पळाल्या.

पुढचं जे ऐकलं ते मी कुठे वाचलं नव्हतं. आपण पुराचं पाणी लक्षात ठेवतो. या बायकांना पाणी नसणं लक्षात आहे. खडकवासलाच फुटल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले होते. घरात मांडीएवढा गाळ, भिजून आंबलेल्या धान्याचा वास, आणि धुवायला पाणी नाही. आमच्या आडातही गाळ भरला होता. सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून तो उपसला, ब्लीचिंग पावडर टाकली, पुन्हा उपसला. मालक, भाडेकरू, कोण कोणाशी बोलत नव्हतं, ते सगळं तेवढे दिवस बाजूला पडलं होतं असं तिघींनी मला वेगवेगळं सांगितलं. आज त्या आडावर जाळी आहे आणि शेजारी कुंड्या आहेत. मी तिथे कोणाला घेऊन गेले की आधी ही गोष्ट सांगते.

आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत तेव्हा काय करायचं, हेही विचारतात. मला उलट तेव्हाच जास्त हाती लागतं. मागच्या भिंतीत तिरपी भेग आहे. एक काका ठामपणे म्हणाले, ती पानशेतची. माडीवरच्या काकू तितक्याच ठामपणे म्हणाल्या, कोयनेची: ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, भांडी फळीवरून पडली, सगळे अंथरुणातून उठून चौकात आले आणि उजाडल्यावर ती भेग दिसली. मग आम्ही गिलावा थोडा खरवडला. भिंतीचा खालचा कोपरा पुरानंतर पुन्हा बांधलेला आहे. वरचं जुनं चुन्याचं बांधकाम संपतं तिथून खाली भाजक्या विटा आणि सिमेंट लागलं. भेग त्या नव्या बांधकामातूनही आरपार गेली आहे. म्हणजे ती दुरुस्तीनंतरची. काकूंच्या पहाटेला त्यामुळे जोर आला. काकांची आठवणही टाकाऊ ठरली नाही, कारण पुरात तोच कोपरा ढासळला होता म्हणून तर तो बांधावा लागला.

लोकांच्या कपाटातल्या वस्तूही मागा. सोनं-नाणं नको, लग्नपत्रिका मागा. जुन्या पत्रिकेत कार्यालयाबरोबर घराचा पत्ताही असतो, घर नंबर आणि पेठ. कोणतं बिऱ्हाड कोणत्या साली इथे होतं हे मला अशा पत्रिकांवरून पक्कं करता आलं. शाळा सोडल्याचे दाखलेही उपयोगी पडतात. आणि मुंजीचे फोटो! बटूकडे बघू नका, त्याच्या मागे बघा. चौकातल्या एका मुंजीच्या फोटोत मला माडीचा लाकडी कठडा सापडला, नक्षीसकट. आता तिथे लोखंडी गज आहेत.

आता थोडं अवघड बोलते. ऐकायला गेलात की स्वतःच्या घराबद्दल न आवडणारंही ऐकावं लागतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. पुढे महागाई कितीही वाढली तरी भाडं तेवढंच. त्यात कौलं शाकारायचाही खर्च निघेना. मालक दुरुस्ती करेनात, भाडेकरू सोडेनात, आणि पेठेतल्या वाड्यावाड्यांतून खटले सुरू झाले. आमच्याही वाड्यात झाले. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी एकाच बाजूने सांगितली गेली: भाडं थकवलं, जागा अडवली. त्या खटल्यातल्या कुटुंबाच्या मुलाला, आता ते निवृत्त आहेत, मी फोन केला. आधी त्यांनी बोलायला नकार दिला. पुढे काही महिन्यांनी आपणहून फोन करून म्हणाले, "लिहूनच घेताय तर हेही घ्या. तुमच्या आजेसासऱ्यांनी आमचा नळ बंद केला होता. माझी आई सातव्या महिन्यात आडाचं पाणी शेंदत होती."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि घरी वाचून दाखवलं. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, नळ बंद होता खरा. कायद्याने मालकांची कोंडी केली होती हे मला मान्य आहे. गरोदर बाईचं पाणी तोडणं त्याने माफ होत नाही. आमच्या वहीत थकलेलं भाडं आणि बंद नळ, दोन्ही एकाच पानावर आहेत.

मागच्या बोळाचं एक पान मात्र रिकामं आहे आणि ते मला फार सलतं. टोपलीचे संडास होते तोवर बोळातून रोज पहाटे मैला न्यायला कोणीतरी येत होतं. बिऱ्हाडकरूंना त्या बायकांच्या हाका आठवतात, नावं आठवत नाहीत. वाडा मागून बघणाऱ्यांचं म्हणणं मी मिळवायचा प्रयत्न करते आहे. त्यांच्याशिवाय या घराचा इतिहास पुरा झाला असं मी म्हणणार नाही.

वाडा आज ना उद्या उतरवावा लागणार. दोन ठिकाणी टेकू लावलेले आहेत आणि पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. वही आणि नकाशा यांच्या प्रती सापडलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाला दिल्या आहेत. सध्या मी जिन्याखालच्या खोलीतल्या कुटुंबाच्या मागावर आहे. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आई उन्हाळ्यात साऱ्या वाड्याचे पापड लाटायला पुढे असायची, दोन मुली. पुरात त्यांची खोली सगळ्यात आधी भरली आणि ती मंडळी परत इथे राहायला आलीच नाहीत. पूरग्रस्तांना गोखलेनगरला जागा मिळाल्या होत्या, तिकडे गेली असावीत असं माडीवरच्या काकू म्हणतात. थोरल्या मुलीच्या वर्गात होत्या त्या. पुढच्या रविवारी आम्ही दोघी तिकडे जाऊन जुन्या सोसायट्यांमधून विचारून येणार आहोत.