घंटी आणि वाती

सासूबाईंच्या पलंगाच्या दांड्याला मी देवघरातली पितळी घंटी बांधली होती. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. डाव्या हाताने दोरी ओढली की मी आतल्या खोलीतून उठून यायची. कधी पाणी, कधी कूस बदलायची, कधी नुसतंच कुणीतरी जवळ बसायला हवं म्हणून. दोन वर्षं हे चाललं. शेवटी शेवटी तर घंटी वाजायच्या आधी चादरीवरून दोरी सरकल्याचाच आवाज मला ऐकू यायचा.

गेल्या भाद्रपदात आई गेल्या. दिवसकार्य झाल्यावर घंटी सोडली, चिंचेने घासली आणि परत देवघरात ठेवली. जो तो म्हणाला, "फार केलंस गं, आता जरा झोप काढ." आणि नेमकी तेव्हापासूनच माझी झोप गेली.

दहाला पाठ टेकायची. शेवटची लोकल गेलेली कळायची, मग मालगाड्या सुरू व्हायच्या. आम्ही डोंबिवलीत रुळांपासून जवळच राहतो, त्यामुळे रात्र किती सरली ते पडल्या पडल्या समजतं. अडीच-तीनला कुठे डोळा लागायचा. शेजारी हे शांत झोपलेले असायचे आणि मला त्या श्वासाचाही राग यायचा. हे लिहितानाही वाईट वाटतं, पण यायचा खरा.

उपाय भरपूर केले. दुधात जायफळ उगाळून घेतलं. नणंदेने काशाची वाटी आणून दिली, तूप लावून तळपाय घासले. पाय हलके व्हायचे, बरं वाटायचं, ते मी अजूनही करते. पण झोप काही यायची नाही. म्हणून मग साडेनऊलाच आडवी होऊ लागले, रविवारी नऊपर्यंत लोळू लागले, सुटीच्या दिवशी दुपारी तासभर झोपू लागले. जेवढी मिळेल तेवढी पदरात पाडून घ्यावी, असा हिशेब होता.

मी एका पतपेढीत कॅशवर बसते. एकोणीस वर्षं झाली. मार्चअखेरच्या गर्दीत एके संध्याकाळी हजार रुपये कमी भरले. पाचशेच्या दोन नोटा कुणाला तरी जास्त गेल्या होत्या. पैसे मी भरले, त्याचं काही नाही. पण गड्डी दोनदा मोजल्याचं मला आठवत होतं आणि मोजताना काय दिसलं ते आठवत नव्हतं. त्या गोष्टीने मी घाबरले. घरी न जाता तशीच आमच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर तपासली. मी घोरते का, ते यांना विचारलं. माझं वय एकोणपन्नास, म्हणून पाळीचं आणि रात्री अंगातून वाफा येतात का तेही विचारलं. सगळं ठीक निघालं. थोड्या दिवसांची गोळी लिहून देतो म्हणाले. मी विचारलं, दुसरी काही वाट आहे का? तर म्हणाले, आहे, उलट तीच आधी सुचवायला हवी, पण मेहनतीची आहे. आणि ठाण्यातल्या एका मानसोपचार मॅडमचा पत्ता दिला. गोळीला मी नावं ठेवत नाही. ज्यांची चालू आहे त्यांनी तर हे वाचून आपल्या मनाने ती मुळीच बंद करू नये, डॉक्टरांना विचारूनच काय ते करावं.

मॅडमनी दोन आठवडे वही लिहायला लावली. किती वाजता पडले, अंदाजे कधी लागली, कधी उठले. हिशेब निघाला: अंथरुणात आठ तास, झोप साधारण पावणेपाच तास. मग त्यांनी जे सांगितलं, त्यासाठीच मी हे सगळं लिहिते आहे. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची मांडणी आहे की निद्रानाश सुरू एका कारणाने होतो आणि टिकतो दुसऱ्याच. माझा सुरू झाला घंटीमुळे. टिकला तो मी केलेल्या उपायांमुळे. लवकर पडणं, उशिरा उठणं, दुपारची झोप, यांनी रात्रीची भूकच मरत होती. दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेची ओढ तयार होते. ती ओढ मी दुपारीच खर्चून टाकत होते. वर संध्याकाळचे दोन चहा. चहातलं कॅफीन या अ‍ॅडेनोसिनचाच रस्ता अडवतं आणि पाच-एक तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. दोननंतरचा चहा बंद केला. पहिले चार दिवस डोकं दुखलं.

नियम दोनच होते, पण कडक. पहिला: झोप येत नसेल तर अंथरुणात राहायचं नाही. उठायचं, बाहेर बसायचं, डोळे मिटायला लागले की परत जायचं, आणि नाही लागली तर पुन्हा उठायचं. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ही रीत मांडली. अंथरूण म्हणजे जागरण, हे शरीर शिकून बसलेलं असतं, ते विसरायला लावायचं. दुसरा नियम स्पीलमन यांचाच, १९८७चा: झोप जेवढी येते तेवढाच वेळ अंथरुणाला द्यायचा. मला मिळाले पाच तास. साडेबारा ते साडेपाच. रविवारीसुद्धा साडेपाच.

रात्री उठून करायचं काय? मोबाइल नको, टीव्ही नको, दिवा मंद. पहिल्या रात्री स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले तेव्हा समोर फळीवर आईंचा कापसाचा डबा होता. आजारी पडेपर्यंत घरातल्या सगळ्या वाती त्याच वळायच्या. डबा काढला. देवकापसातली सरकी बोटाने चाचपून काढायची, तंतू ओढून मोकळे करायचे, हातभर लांब पेळू झाला की तळहातावर हलकाच दाब देत वळायचा. दाब जास्त झाला तर वात घट्ट होते आणि तूप ओढत नाही. फुलवातीचं टोक दुधाच्या बोटाने पिळायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आईंनी हे शिकवलं होतं, "ओढू नकोस, येऊ दे" असं म्हणत. त्या रात्री त्रेसष्ट वाती झाल्या. आणि आई गेल्यावर पहिल्यांदा, स्वयंपाकघरात एकटी बसून, मी रडले.

पहिला आठवडा फार वाईट गेला. साडेबारापर्यंत जागं राहणंच अवघड, पेपर हातातून गळायचा. मॅडमनी आधीच बजावलं होतं की या काळात गाडी चालवायची नाही. फिट येण्याचा त्रास किंवा मनाचा काही मोठा आजार असेल त्यांनी तर हे आपलं आपण करूच नये. कामावर मी प्रत्येक गड्डी मशीनवर घालून पुन्हा हाताने मोजायची. नवव्या रात्री पडले आणि थेट साडेपाचचा गजर ऐकला. मधलं काही आठवेना. उठून यांना हलवून जागं केलं आणि सांगितलं.

पाचपैकी साडेचार तास झोप लागायला लागली की पंधरा मिनिटं वाढवायची, असं करत अडीच महिन्यांत पावणेअकरापर्यंत आले. मधे दोन आठवडे काटा हललाच नाही. भिंतीवरचं घड्याळ हॉलमध्ये गेलं. सकाळी गच्चीवर वीस मिनिटं उजेडात चालते. संध्याकाळी जुन्या डायरीत उद्याच्या कामांची यादी करते, म्हणजे रात्री ती डोक्यात फिरत नाही.

आता श्रावण आहे. वर्षश्राद्ध महिन्यावर आलंय आणि परवा रात्री पावसात मला पुन्हा घंटी ऐकू आली. उठले, देवघराशी जाऊन आले. घंटी जागेवर होती. मग डबा काढून बसले. बावीस वाती झाल्यावर जांभई आली, तेविसावी अर्धी तशीच ताटलीत ठेवली आणि आत गेले.