मून रिव्हर: सहावरून आठवर, मधे ‘नि’ न लागता!

साधलं एकदाचं! हार्मोनिकावर ‘मून रिव्हर’ हे इंग्रजी गाणं बसवताना गेल्या नोंदीत ज्या पहिल्याच उडीपाशी, म्हणजे ‘प’वरून वरच्या ‘रे’वरच्या झेपेपाशी, गाडं अडलं होतं, ती काल सलग आणि स्वच्छ वाजली.

सी हार्मोनिकावर सुरुवात सहा ब्लोच्या (सहाव्या भोकात फुंकून येणाऱ्या) लांब ‘प’ने होते आणि तिथून थेट आठ ड्रॉवर (आठव्या भोकातून श्वास आत ओढून), तार सप्तकातल्या ‘रे’वर जायचं असतं. भोक बदलायचं आणि त्याच क्षणी श्वासही उलटवायचा. पकर करून, म्हणजे ओठांचा चंबू करून वाजवताना सातवं भोक हमखास मधे कडमडायचं आणि ‘नि’चा चोरटा तुकडा ऐकू यायचा. इतक्या संथ गाण्यात तो लपत नाही. लय उतरवली, मान स्थिर ठेवून फक्त हात सरकवला, पण ‘नि’ काही हटेना.

उपाय निघाला टंग ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे नको ती भोकं जिभेने झाकण्यात. ओठ सहा-सात-आठवर पसरायचे. जीभ सात-आठवर ठेवली की डाव्या कोपऱ्यातून ‘प’. ती सहा-सातवर सरकवली की उजव्या कोपऱ्यातून ‘रे’. हार्मोनिका जागची हलत नाही! इथे ‘स्पेशल २०’ या हार्मोनिकाचा प्लॅस्टिक कोम्बच (भोकांची मधली चौकट) हवा, लाकूड ओलाव्याने फुगलं की जिभेला टोचतं. ट्रेमोलोवरही (कंप देणाऱ्या दुहेरी पट्ट्यांच्या हार्मोनिकावर) वाजवून पाहिलं, पण तो कंप या चालीला नको वाटतो.

उडी स्वच्छ लागल्यावर कळलं, गाण्याचा जीव इथेच आहे. एक मोठी झेप, आणि मग सां, नि, ध, प, म असं पायरीपायरीने उतरणं, सगळं शुद्ध स्वरांत. संगीतकार हेन्री मॅन्सिनीने १९६१च्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ या सिनेमासाठी ही चाल ऑड्री हेपबर्नच्या गळ्याचा बेताचा पल्ला ओळखून बांधली. सगळी चाल सप्तकाच्या एकच स्वर पलीकडे जाते. गायिका नसलेल्या नटीसाठी बांधलेली म्हणून ती कुणाच्याही ओठांवर बसते. ती इतकी वर्षं टिकली त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. हुरहुर सगळी त्या एका झेपेत आहे, त्यासाठी तान लागत नाही की मोठा आवाज.

आता दुसरी ओळ घेणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं, की सीवर आठ ड्रॉ जरा टोचराच लागतो. पांढरी पाचची, म्हणजे जी हार्मोनिका घेतली तर, ती सीपेक्षा खालच्या सुरांत वाजते म्हणून, तोच ‘रे’ मऊ येईल. बोटं, भोकं सगळं तेच राहील. तेव्हा दुसरी ओळ थांबू दे, आधी जी. कुणी स्पेशल २० जीमध्ये वाजवत असाल तर सात ड्रॉ, म्हणजे उतरतानाचा ‘नि’, हलक्या श्वासाला लगेच बोलतो का, तेवढं सांगा.