राणीच्या बागेतला हत्ती

डिसेंबर १९८५ मध्ये आमच्या नववीच्या वर्गाची दोन दिवसांची सहल मुंबई आणि घारापुरी बेटावर गेली होती. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहावी असे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, बक्षिसे आणि दहावीचा निकाल हे सारे मागे पडून ही सहलच मनात पुढे आली. याचे कारण असे की, त्या सहलीत आमच्या इतिहासाच्या सरांनी आम्हांला एक वस्तू दाखवली आणि पुढचा सबंध दिवस तिच्याविषयी अवाक्षरही काढले नाही.

सहलीची वर्गणी ७५ रुपये होती आणि माझ्या घरून ती दोन हप्त्यांत भरली गेली. एस.टी.ची प्रासंगिक कराराची गाडी शुक्रवारी रात्री शाळेच्या पटांगणातून निघाली, तेव्हा तीत ४४ विद्यार्थी, दोन सर, एक बाई आणि दशम्या-चटणीचे अगणित डबे होते. घाट लागेपर्यंत गाणी झाली आणि घाटात ओकाऱ्या झाल्या. त्या प्रवासाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शनिवारी मुंबई पाहिली, म्हणजे खरे तर गाडीच्या खिडकीतूनच पुष्कळशी पाहिली. १८८८ साली पूर्ण झालेल्या बोरीबंदर स्थानकाच्या फाटकावर एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ का बसवला आहे, हे सरांनी आम्हांला विचारले. सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा, हे उत्तर कोणालाच आले नाही. दुपारी भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. आत शिरताच, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीलगत, एक काळ्या दगडाचा हत्ती उभा होता. सरांनी सगळ्यांना तिथे थांबवले आणि इतकेच म्हणाले, “याला नीट बघून घ्या.” चार पावलांवर जिवंत हत्ती असताना दगडी हत्ती नीट बघून घेणारा विद्यार्थी आमच्या वर्गात नव्हता. बहुतेक मुले पिंजऱ्यांकडे धावली. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला असल्यामुळे मी तेवढा मागे राहिलो आणि हत्तीच्या चौथऱ्याला टेकून तो सुतळीने बांधत बसलो. त्या वेळी हत्तीच्या अंगावरचे सांधे माझ्या नजरेस पडले. फुटलेला रांजण कोणी जुळवून ठेवावा, तसे ते दिसत होते. सर शेजारीच उभे होते, पण मी त्यांना काही विचारले नाही. त्यांनीही काही सांगितले नाही.

रविवारी सकाळी आम्ही अपोलो बंदरावर आलो. समुद्र पाहण्याची वेळ आमच्यापैकी बहुतेकांची पहिलीच होती. १९२४ साली खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखाली सरांनी आम्हांला सांगितले की, ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीतून बाहेर पडली. ज्या राजाच्या स्वागताची आठवण म्हणून कमान उभारली, त्याच्याच देशाचे सैनिक तिच्यातून परत गेले, हे सांगताना त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. मग लाँचमध्ये बसलो. सुमारे तासाभराच्या त्या वाटेवर नौदलाची करडी जहाजे, तेलवाहू बोटी आणि दूरवर ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा घुमट दिसला. बाईंनी लिंबाच्या फोडी वाटल्या. काहींना त्यांचा उपयोग झाला.

घारापुरी मुंबईच्या बंदरात असली, तरी ती रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात मोडते. धक्क्यापासून सुमारे १२० पायऱ्या चढून लेण्यापाशी पोहोचलो, तोवर एका माकडाने माझी उरलेली दशमी पळवली होती. लेण्यात शिरताच डोळ्यांपुढे अंधार आला. सरांनी सर्वांना खाली बसवले आणि डोळे सरावेपर्यंत कोणी बोलायचे नाही असे बजावले. ४४ मुले पाच मिनिटे गप्प बसली, हा त्या सहलीतला एकमेव चमत्कार होय. हळूहळू खांबांच्या रांगा दिसू लागल्या आणि मग समोरच्या भिंतीतून ती प्रचंड त्रिमुखी मूर्ती पुढे आली, जणू आम्ही बसल्यानंतर कोणी तरी ती तिथे आणून ठेवली असावी. तिची उंची सुमारे साडेपाच मीटर आहे, हे नंतर कळले. त्या वेळी ती मोजता येईल असे वाटलेच नव्हते. आमच्यापैकी एकाने ब्रह्मा, विष्णू, महेश असे धडाधड सांगून टाकले. सरांनी त्याला शांतपणे थांबवले आणि तिन्ही मुखे शिवाचीच आहेत, असे सांगितले: आपल्या डाव्या हाताचे, साप धरलेले अघोर, मधले ध्यानस्थ आणि उजव्या हाताचे, कमळ घेतलेले, स्त्रीसारखे सौम्य.

मग त्यांनी विचारले, “हे बांधायला दगड कुठून आणला असेल?” कोणी पनवेल म्हणाले, कोणी राजस्थान. “दगड आणलाच नाही,” सर म्हणाले. “इथलाच डोंगर आतून काढून टाकला आणि जे ठेवायचे तेवढे ठेवले.” हे लेणे सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानतात, आणि आमच्या विहिरींची जोती ज्या काळ्या कातळाची, त्याच जातीच्या कातळात ते कोरलेले आहे. मी खांबाला हात लावून पाहिला; स्पर्श ओळखीचा होता.

परत उतरताना सरांनी पोर्तुगिजांनी या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव का दिले, ते सांगितले. बेटाच्या धक्क्याजवळ त्यांना एक दगडी हत्ती दिसला होता. १८१४ साली त्याची मान आणि डोके गळून पडले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना खाली पडून त्याचे तुकडे झाले. आणि १९१४ साली ते तुकडे जुळवून तो पुन्हा उभा करण्यात आला. “कुठे?” असे कोणी तरी विचारले. सर काहीच बोलले नाहीत. मी माझ्या चपलेच्या सुतळीकडे पाहिले आणि माझे कान गरम झाले.

लाँच सुटण्याआधी धक्क्यावर बोरे विकणाऱ्या आमच्याच वयाच्या एका मुलाशी सरांनी गप्पा मारल्या. तो रात्री रॉकेलच्या कंदिलावर अभ्यास करीत असे. आमच्या वाडीत तेव्हा वीज आलेली होती. रात्री समोर मुंबईचे दिवे दिसणाऱ्या त्या बेटावर मात्र ती नव्हती. समुद्राच्या तळातून तार टाकून घारापुरीला वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा तो मुलगा पन्नाशीकडे झुकलेला असेल, हा हिशेब आधी डोक्यात आला. १९८७ साली लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हाही तो कंदिलापुढेच बसत असणार.

बेटावर वीज आली त्याच वर्षीच्या, म्हणजे २०१८ च्या हिवाळ्यात, एका शनिवारी, मुलीला घेऊन मी राणीच्या बागेत गेलो. संग्रहालयापाशी तिला थांबवले आणि म्हणालो, “याला नीट बघून घे.” तिने दोन फोटो काढले आणि पेंग्विन कुठे आहेत असे विचारले. मी तिला पेंग्विन दाखवले. हत्तीविषयी काही बोललो नाही. उद्या सकाळी लवकर उठायचे आहे, एवढेच सांगितले.