सकाळी जामीन, दुपारी कलमवाढ

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं की दहा हजार भरायचे आणि घरी जायचं, एवढाच हिशेब आमच्याकडे बहुतेकांच्या डोक्यात असतो. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, कुठेही विचारा. मी सिंधुदुर्गात फौजदारी वकिली करते आणि हा हिशेब घेऊन येणारी माणसं मला सतत भेटतात. त्यांना मी ज्या एका दिवसाबद्दल सांगते, तो इथे लिहिते आहे. त्या कुटुंबाला विचारलं आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तुळशीची लग्नं उरकली की इथे जत्रा आणि लग्नसराई एकदमच सुरू होते. देवळासमोर रात्रभर दशावतार, गावागावांत हळदी. जत्रेतून परतणारी माणसं हातात बॅटरी घेऊन, अंगाला चादर गुंडाळून रस्त्याच्या कडेने चालत असतात. हळदीहून परतणाऱ्या गाड्याही त्याच रस्त्याने येतात. त्या रात्री साठीतले एक गृहस्थ नाटक अर्धवट सोडून निघाले होते, कारण सकाळी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जायचं होतं. पहाटे पावणेचारच्या सुमारास मागून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. गाडी चालवणारा मुलगा पंचवीस वर्षांचा, बोटीवर नोकरीला, सुट्टीवर आलेला. गाडी काकांची. पळून जाण्याएवढा रस्ता मोकळा होता, पण तो थांबला. सोबतच्या मित्राने 108 ला फोन लावला. पुढे जामिनाच्या वेळी या दोन गोष्टी मला फार उपयोगी पडल्या.

सहाच्या आसपास त्याच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, झिलान गाडी ठोकल्यान. माणूस जिवंत आसा. दंड किती भरूचो लागात?"

पोलीस ठाण्यात पोचल्यावर मी आधी वेळा बघते. अटक किती वाजता, तपासणी किती वाजता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते. नाही झाली, तर त्याला सोडावं लागतं. इथे अटक चार वीसला दाखवली होती आणि रक्त पाच पस्तीसला घेतलेलं होतं. मग मी नमुन्याचे कागद मागितले. रक्त कसं घ्यायचं याचे महाराष्ट्रात 1959 पासूनचे नियम आहेत आणि ते बारकाईने लिहिलेले आहेत. कातडी स्पिरिटने पुसायची नाही, निर्जंतुक पाण्याने पुसायची, कारण स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. रक्त किमान पाच सीसी हवं. कुपीत रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून द्रव्य असलं पाहिजे, कुपी जोरात हलवली पाहिजे, तिला लेबल आणि लाखेचं सील पाहिजे, आणि नमुना सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. यातली एखादी गोष्ट राहिली म्हणून सुटलेले आरोपी मी पाहिले आहेत. अशी फट सापडली असती तर मी ती वापरली असती, आरोपीच्या वकिलाचं ते कामच आहे. पण रात्रपाळीवरच्या त्या तरुण डॉक्टरांनी सगळं नियमाने केलं होतं. त्यांच्या हातावर एकीकडे मेंदूला मार बसलेला पेशंट होता आणि दुसरीकडे हा मुलगा, तरी फॉर्मवरचा एकही रकाना कोरा नव्हता. मला त्यांच्याबद्दल तेव्हाही आदर वाटला, आजही वाटतो.

फुंकणीच्या यंत्रात आलेला आकडा कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त होता. मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. "दोनच पेग घेतले" हे वाक्य प्रत्येक आरोपी मला सांगतो. त्याने निष्पन्न काही होत नाही, कारण कोर्ट पेग मोजत नाही.

ठाण्याच्या बाहेर नातेवाइकांचा घोळका जमला होता. त्यातले एकजण मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमचो गडी तयार आसा. तोच गाडी चालवत होतो असा लिवया." बागेत कामाला असलेला तो माणूस तिथेच उभा होता, खाली मान घालून. त्याला दोन लेकरं होती, मालकाच्या घराशी वर्षानुवर्षांचे संबंध होते, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मला इतका राग फार कमी वेळा आलेला आहे. मी त्या नातेवाइकांना सगळ्यांसमोर सांगितलं, की खऱ्या गुन्हेगाराला वाचवायला खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली वेगळा गुन्हा आहे, त्यात तुम्हीही आत जाल आणि हा गरीब माणूसही जाईल. दुसऱ्याने हळूच विचारलं, इस्पितळात कोणी ओळखीचं आहे का. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले, त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली, हे मी त्यांना आठवून दिलं. मग कोणी बोललं नाही. मुलाचे वडील तेवढे म्हणाले, "नको, मॅडम. असला काय नको." त्यानंतरच मी वकीलपत्रावर त्यांच्या मुलाची सही घेतली.

साडेआठपर्यंत गुन्हा नोंदवून झाला. बेदरकारपणे गाडी चालवणं, न्याय संहितेचं कलम 281. गंभीर दुखापत, कलम 125 चा पोटभाग. मोटार वाहन कायद्याची 184, धोकादायक चालवणं, आणि 185, दारू पिऊन चालवणं. डिकीत गोव्याच्या दारूच्या तीन बाटल्या सापडल्या, परवाना नव्हता, म्हणून दारूबंदी कायद्याचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे गोव्याहून येताना बाटल्या आणणं कोणाला गुन्हाच वाटत नाही. गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते तेव्हा तेवढ्यापुरती आठवण होते.

वडिलांना बाकावर बसवून मी 185 समजावलं. हे चलन नाही. हेल्मेटचा किंवा सिग्नलचा दंड मोबाइलवर भरतो तसा हा भरता येत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. कोर्टात गुन्हा कबूल करून नुसता दंड भरला तरी ती दोषसिद्धीच असते, आणि दोषी ठरल्यावर कोर्टाने लायसन्स किमान सहा महिने बंद केलंच पाहिजे असं कलम 20 सांगतं. ते ऐकून त्यांनी विचारलं, "आणि बोट?" मुलाला तीन आठवड्यांनी जहाजावर रुजू व्हायचं होतं. फौजदारी खटला प्रलंबित असताना पासपोर्ट अडू शकतो आणि कोर्टाची परवानगी काढावी लागू शकते, हे मी सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले. घर बांधायला काढलेलं कर्ज त्या पगारावर होतं.

अकरापर्यंत मात्र चित्र आमच्या बाजूने होतं. सगळी मुख्य कलमं जामीनपात्र, म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क. जामीनदार उभा होता, बंधपत्र लिहून होत आलं होतं. जखमी गृहस्थांना आधी ओरोसला जिल्हा रुग्णालयात आणि तिथून गोव्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात हलवलेलं. मेंदूला मार लागला की आमच्या जिल्ह्यातला पेशंट बांबोळीलाच जातो. दोन-अडीच तासांचा तो रस्ता इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

बाराला थोडा वेळ असताना बांबोळीहून फोन आला. ते गेले.

ठाणे अंमलदारांनी बंधपत्र बाजूला ठेवलं आणि वरिष्ठांना फोन लावला. मुलाने त्या सकाळी नवं काहीही केलेलं नव्हतं, तो कोठडीच्या कोपऱ्यात बसून होता. पण शंभर किलोमीटरवर एक श्वास थांबला आणि इथे गुन्हा बदलला. या एका तासाबद्दल मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगते. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसताना आपल्यावर कोणतं कलम लागणार हे आपल्या हातात नसतं. रस्त्यावर कोणी नसेल तर 185. कोणाचा पाय मोडला तर 125. कोणी मेलं तर 106, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत. आणि पोलिसांना वाटलं की यात माणूस मरू शकतो हे चालवणाऱ्याला माहीत होतं, तर 105, सदोष मनुष्यवध.

106 चं पहिलं पोटकलम जामीनपात्र आहे. 105 नाही. पोलिसांनी कलमवाढीच्या अहवालात 105 लावलं.

हे बेकायदा होतं असं मी म्हणणार नाही. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली चिरडले गेले. खालच्या कोर्टाने गाडी चालवणाऱ्या ॲलिस्टर परेराला निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने ते सदोष मनुष्यवधात बदलून तीन वर्षं केली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. दारू पिऊन बेदरकार चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव होती असं मानता येतं, हा त्यातला गाभा. तेव्हापासून पोलीस हे कलम लावायला कचरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की नुसत्या दारूने ती जाणीव सिद्ध होत नाही. वेग, रस्ता, गर्दी, आधी कोणी अडवलं होतं का, हे सगळं बघायला हवं. त्या वळणावर दिवा नव्हता आणि ब्रेकच्या खुणा रस्त्यावर स्पष्ट होत्या.

साडेतीनला मुलाला कोर्टात हजर केलं. न्यायाधीशांनी पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का विचारलं. त्याने नाही म्हटलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, ते आजोबा कशे आसत?" त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कोर्टात, सगळ्यांदेखत, ते मला सांगावं लागलं. तो उभ्या जागी खाली बसला. हवालदारांनी त्याला पाणी दिलं.

रिमांडवर मी माझं म्हणणं मांडलं. दारू कुठून आणली आणि जागेचा पंचनामा, या कारणांवर एक दिवसाची पोलीस कोठडी मंजूर झाली. 105 ला जन्मठेपेपर्यंतची तरतूद असल्याने जामिनाचा अर्ज ओरोसला सत्र न्यायालयातच करावा लागणार होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात मृत गृहस्थांचा मुलगा उभा होता. त्याला माहीत नव्हतं मी कोणाची वकील. त्याने विचारलं, "नुकसानभरपाईसाठी कोणाक भेटूचा?" मी त्याला आधी सांगितलं, की मी समोरच्या बाजूची आहे, मला तुम्हाला सल्ला देता येणार नाही. तालुका विधी सेवा समितीची खोली याच इमारतीत आहे, तिथे वकील मिळण्याची सोय होते, आज नाहीतर उद्याच जा, आणि कोणी घरी येऊन कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. तो नमस्कार करून गेला. आमच्याकडच्या मंडळींना मी बजावलं, की या आठवड्यात त्यांच्या दारात पैसे घेऊन कोणीही जायचं नाही.

आठवड्याभराने सत्र न्यायालयातून जामीन मिळाला. मुलगा थांबला होता, 108 ला फोन गेला होता, आधीचा गुन्हा नव्हता, हे कोर्टाने विचारात घेतलं. अटी होत्या: पासपोर्ट जमा, गाडी चालवायची नाही, साक्षीदारांशी संपर्क नाही. बोट गेली.

काकांना वाटत होतं त्यांचा यात काही संबंध नाही. हळदीच्या मांडवात पुतण्याला किल्ली त्यांनीच दिली होती. कलम 188 प्रमाणे 185 च्या गुन्ह्याला प्रोत्साहन देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे, त्यामुळे पोलिसांनी त्यांचा जबाब दोनदा घेतला. विमा कंपनीने गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारला. मृताच्या कुटुंबाला मोटार अपघात न्यायाधिकरण जी भरपाई देईल ती कंपनीने आधी भरायची आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायची, असा आदेश अशा प्रकरणांत होऊ शकतो. कायद्यातच 2019 च्या दुरुस्तीने दारू पिऊन चालवणं हा विमा कंपनीचा बचाव म्हणून लिहिलेला आहे. काकांची आंब्याची बाग आहे. भरपाईच्या रकमेचा विचार करताना ते आता त्या बागेचाच विचार करतात.

खटला ओरोसला उभा आहे. 105 वगळून 106 लावावं, असा माझा अर्ज आहे. सरकार पक्षाने कागदपत्रांची यादी दिली, त्यातली कोणती मान्य, कोणती अमान्य, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 330 खाली आरोपीला सांगायचं असतं. रक्ताच्या अहवालासमोर मी सवयीने 'अमान्य' लिहिणार होते. मुलाने मला थांबवलं. हा अहवाल मान्य केला तर डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागणार नाही, आणि 105 च्या वादात तोच कागद तुझ्याविरुद्ध वाचला जाईल, हे मी त्याला वडिलांसमोर दोनदा समजावलं. त्याने यादी स्वतःकडे ओढून घेतली आणि त्या ओळीसमोर 'मान्य' लिहून सही केली.