आईच्या कालनिर्णयावरचे ठिपके

आई दर महाशिवरात्रीला मुक्ताईच्या यात्रेला पायी जायची. ती गेल्यावरची ही पहिली यात्रा, म्हणून यंदा मावशीबरोबर मी आसोद्याहून निघाले. नशिराबाद, भुसावळ, वरणगाव, मग कोथळी. पिशवीत दोन साड्या आणि 1984 सालचं कालनिर्णय.

ते तिच्या कपाटात, फळीवर अंथरलेल्या कागदाखाली सापडलं. रोजच्या तारखेवर दुधाचा हिशेब, खाड्याला फुली. आणि दर महिन्याला एका तारखेच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा बारीक ठिपका, सुईच्या टोकाएवढा. तिची पाळी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठिपकाच नाही. ऑक्टोबरात पुन्हा आहे. मी तेव्हा सात वर्षांची होते. मला काहीच आठवत नाही.

बहिणाबाई याच आसोद्याच्या लेक. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांच्या ओव्या मुलाने जपल्या म्हणून 1952 साली पुस्तकरूपाने लोकांपुढे आल्या. माझी आई सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. तिच्या वाट्याला लिहायला जागा आली ती दुधाच्या आकड्यांशेजारची. हे मला फार लागलंय.

दुसऱ्या दिवशी वरणगावच्या अलीकडे माझी पाळी आली, पाच महिन्यांनी. वय अठ्ठेचाळीस. मांड्या भरून आलेल्या, टाचेला फोड, पोटात कळ. डोक्यावरची तुळस मी मावशीपुढे केली. तिने घेतली नाही.

"ऱ्हाऊ दे व माय. मुक्ताईबी बाईच व्हती."

केळीच्या बागेच्या बांधावर बसलो तेव्हा मी कालनिर्णय काढलं. मावशीला अक्षरं दिसत नाहीत आता. मी महिने वाचत गेले, ती ऐकत राहिली. सप्टेंबर म्हटल्यावर तिने माझा हात धरला.

"चौथा महिना व्हता. कपाशी निंदत व्हती. सारं लुगडं रगतानं भिजलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा निंदाले गेली. घरात कोनाले सांगितलं नही."

म्हणजे मला एक भावंड होतं, चार महिन्यांचं. त्याची या जगातली एकुलती नोंद म्हणजे चार कोरे महिने.

मुक्कामाला वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. मला घास उतरेना. दिवे मालवेपर्यंत वहीत लिहीत बसले: लुगडं, कपाशी, तिसरा दिवस. मावशीचे शब्द तिच्याच बोलीत, एकही न बदलता. कडेला माझी तारीखही लिहिली. ठिपका नाही काढला, 'आज पाळी आली' असं सरळ लिहिलं.

मुक्ताई 1297 साली तापीकाठी विजेच्या लोळात गुप्त झाली, असं सांगतात. कुडी मागे राहिली नाही. रांगेत उभी असताना सारखं तेच मनात येत होतं.

मावशीने दोन नारळ घेतले होते. "हा तुह्या मायचा," म्हणत एक पुजाऱ्याकडे देण्यासाठी हातात धरला. दुसरा माझ्या ओटीत घातला, पदर नीट खोचून दिला आणि रांगेत पुढे सरकली.